टिटवीची अंडी आणि एक भला माणूस

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहिते.

माझं निसर्गावरचं पुस्तक गेल्या आठवड्यात प्रकाशकांनी परत केलं. म्हणाले, "सगळं खिडकीतूनच बघितलेलं आहे. जरा बाहेर पडा."

म्हणून आज बिबवेवाडीजवळच्या टेकडीवर एकटी जाऊन बसले. समोर उघड्यावर टिटवीची अंडी होती. अर्धा तास जराही हलले नाही, तेव्हा कुठे मला बघून उडालेली टिटवी चालत परत आली.

तेवढ्यात फिरायला आलेले एक काका थांबले. "अहो, एकट्याच बसलायत? घरी काही झालंय का?"

"पक्षी बघतेय. लिहिते मी."

"मग घरी बसून लिहा की. मिस्टरांचा नंबर द्या, बोलावून घेतो."

टिटवी ओरडत उडाली. काका मात्र मी उठेपर्यंत शेजारी उभे राहिले. माणूस भला होता, दोष तरी काय देणार?

घरी येऊन पुन्हा खिडकीतल्या बुलबुलावर लिहिलं. आपल्या आधी लिहिणाऱ्या बायकांनी अंगणाबाहेरचं फारसं का लिहिलं नाही, ते आज कळलं.

तुमच्यापैकी कुणी टेकडीवर तासभर एकटी नुसती बसली आहे का, कुणी काही न विचारता? असेल असं वाटत नाही, तरी विचारते.