घड्याळ वाजलं नाही, म्हणून आत्या उठली नाही

मंडळी, सीडीवाल्या डिजिटल घड्याळ-रेडिओएवढी माजोरडी वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

भटकत भटकत काल नेरला आत्याकडे टेकलो. तिच्या पुण्याच्या पोरानं हा डबा पाठवलेला. वेळ लावायला दोन बटणं एकदम दाबा, अलार्मलाही तीच दाबा. कोण्या गाढवानं बनवलं असेल? मधेच रेडिओवर क्रिकेट लागलं, तर तासभर तेच ऐकलं. शेवटी भजनाची सीडी घालून पहाटेचा अलार्म लावला. आज उमरखेडला आत्याच्या मुलीचं डोहाळजेवण, आणि तिकडं थेट जाणारी एसटी सकाळी एकच.

मला जाग आली तेव्हा अंगणात ऊन. आत्या टक्क डोळे उघडे ठेवून पलंगावर!

"आत्या, गाडी गेली न! उठली काहून नाही?"

"मी तं कवाचीच जागी हाओ. तू एवढं खपून लावलं, म्हटलं भजन वाजू दे, मंग उठू."

डबा बंद. भिंतीवरचं बटणही बंद. झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करायची आत्याची रीतच आहे.

"रातभर कायले करंट जाळाव?"

आणि बटण बंद होताच हा दीडशहाणा वेळ, अलार्म सगळं विसरून बसला.

आत्या आता गाड्या बदलत निघालीय. तिकडून मुलीचा फोन, "ओटी भराले आईच नाही!"

कोंबड्याआधी उठणाऱ्या बाईला या डब्यानं एका रात्रीत परवानगीची वाट पाहायला लावली. तुमच्या घरी कोण कोणाला उठवतं, सांगा बरं?