तांबड्याची खांदमळणी

सहावीत शाळा सुटली, तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. केलेलं काम मी परत एकदा बघतो. कुलूप लावलं की दोनदा ओढतो. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात गेट तयार झालं की प्रत्येक सांध्यावर हातोडी मारून आवाज ऐकतो आणि घरी येऊन जेवताना वाटतं, खालचा सांधा राहिला की काय. घरातले हसतात. त्यांना काय सांगू? शिकलेल्या माणसाचं चुकलं तर चूक म्हणतात, आमच्यासारख्याचं चुकलं तर शिकला नाही म्हणतात. ती धास्ती अंगात मुरलेली आहे.

एकदाच मी बघितलं नव्हतं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. आमच्या बंदरात गलबतं यायची, कप्पी आणि दोर लावून माल उतरायचा, ते बघतच वाढलो. शाळा सुटल्यावर मुंबईत एका भंगारवाल्याकडे लागलो. तिथे एक जुनी हातक्रेन आली. जमिनीत रोवायचा लोखंडी खांब, त्याला वर फिरणारा आडवा हात, हाताच्या टोकाला कप्पी, तारेचा दोर आणि तो गुंडाळायला खाली ड्रम. दोन बाजूंना दोन हँडलं, दोघांनी मिळून फिरवायची. इंजिन नाही, वीज नाही. ती जळगावच्या एका शेठनी घेतली. नशिराबादच्या रस्त्याला त्यांचं जीन होतं, म्हणजे कपाशीतली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. क्रेन उभी करून द्यायला मला आठ दिवसांसाठी पाठवलं. तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा असेन. साठच्या दशकातली शेवटची वर्षं. ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

त्या वेळी रुईची गाठ ट्रकवर चढवायची म्हणजे चार हमालांचं काम. आकडे अडकवून, फळीवरून रेटत, पाठ लावून. दहा जणांची टोळी होती. त्यांचे मुकादम म्हणजे नाना. धुळ्याकडचे, पन्नाशी उलटलेले, उजव्या खांद्यावर बैलाला जू लागून पडतो तसा घट्टा. पहिले काही दिवस टोळीतलं कोणी क्रेनच्या जवळ यायला तयार नव्हतं. आपल्या पोटावर आणलेलं हे लोखंड, असं त्यांना वाटत होतं, आणि मी त्याच्याबरोबर आलेला म्हणून माझ्याशीही कोणी बोलायचं नाही. नानांनी मात्र शेठना सरळ विचारलं, की यामुळे आमच्यातला एकही गडी कमी होणार का. शेठ म्हणाले, नाही. मग नाना माझ्याकडे आले, खांबाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ तुना बैल चारा काय खास?"

मी म्हटलं, हा चारा खात नाही, याला फक्त ग्रीस लागतं, नाना. जेवढं जास्त चोळाल तेवढा खूश.

सगळे हसले. आल्यापासून पहिल्यांदा कोणी माझ्याकडे हसून बघितलं होतं. त्या दिवसापासून क्रेनचं नाव तांबड्या पडलं, कारण तिला मी तांबडा रंग दिला होता. टोळीत तो अकरावा गडी आणि मी त्याचा गडी. ग्रीसवरचं माझं ते बोलणं पुढे कुठे जाऊन पोचणार आहे, हे मला कसं कळावं?

माझं जेवण नानांच्या घरून यायचं. त्यांच्या पत्नी अक्का रोज दुपारी डबा घेऊन स्वतः जिनात यायच्या. मी भातखाऊ माणूस. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बघून पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं म्हणून खपवलं. दुसऱ्या दिवशी डब्यात मूठभर भात होता. मग रोजच असायचा. घरात तांदूळ कितीसा येत असेल! बाकीच्यांची भाकरी आणि माझा भात. मी घरी पत्र लिहायचो त्यात एवढंच लिहायचो, की इथे भात मिळतो. आईला त्यावरून सगळं कळायचं.

आता क्रेनच्या कामातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांवर आहे. गाठ वर जाताना एक लोखंडी खुंटी चाकाच्या दात्यांत टकटक करत पडत राहते, त्यामुळे ओझं मागे येत नाही. पण खाली सोडताना ती खुंटी उचलावी लागते, आणि मग सगळा भार एका पट्ट्यावर असतो. ड्रमला बाजूने आवळणारा ब्रेकचा पट्टा. तो कोरडा पाहिजे. म्हणून रोज सकाळी पहिली गाठ मी वीतभर उचलायचो, खुंटी वर करायचो, ब्रेक धरतो का बघायचो आणि मगच काम सुरू. दुसरी गोष्ट, गाठ खाली सोडताना हँडल काढून बाजूला ठेवायचं. नाहीतर ड्रमबरोबर तेही फिरतं.

ही दुसरी गोष्ट नानांना कधीच पटली नाही. ओझं टेकेपर्यंत त्यावरचा हात काढायचा नाही, ही त्यांच्या टोळीची रीत. आधी हात काढणारा हमाल म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर ओझं टाकणारा. मी दहा वेळा सांगितलं. ते मान डोलवायचे आणि हँडल धरून ठेवायचे. मी पुढे सांगणं सोडलं. वयाने मोठा माणूस, ज्याच्या घरचा भात खातो त्याला किती वेळा टोकायचं?

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी टोळीतले सगळे संध्याकाळी लवकर हात धुऊन उभे राहिले. त्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून सुजलेले खांदे गरम पाण्याने शेकायचे, लोणी-हळद लावून मळायचे आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. टोळीतल्या बहुतेकांकडे बैल राहिले नव्हते, शेती सुटूनच ते हमालीला आले होते. अक्का वाटीत लोणी आणि हळद घेऊन आल्या. नाना मला म्हणाले, आमच्या दहा खांद्यांचं ओझं वर्षभर यानं वाहिलं, तर याची मळणी नको का व्हायला.

मला काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. ज्या लोखंडाकडे हे लोक थुंकून बघायचे त्याला आज ओवाळत होते, आणि त्यात थोडा मी पण ओवाळला जात होतो. मी खांबाचा वरचा भाग दाखवला, म्हटलं, हा याचा खांदा. अक्कांनी क्रेनच्या खांबाला हात लावला आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, आज आवतन घ्या, सकाय जेवाले या. दोघा-तिघांनी मला ओढून गेटवर नेलं, तोरण बांधायला. पाठीमागे अक्का मळत होत्या. कोणीतरी 'अक्का, पुरे आता' असं म्हणालं, तेव्हा त्या म्हणाल्या ते मी गेटवरून ऐकलं होतं.

"खांदमयनी अर्धी कोनी करस का?"

ऐकलं, आणि हसलो.

पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून तांबड्यालाही सुट्टी. मला नानांच्या घरी पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर ट्रक उभा. गुजरातच्या गिरणीकडे गाठी जायच्या होत्या आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. तांबड्याच्या गळ्यात झेंडूची माळ तशीच होती. मी वीतभर उचलून बघायला गेलो, तर कोणीतरी म्हणालं, कोकणी भाऊ, परवा जेवायला बोलावलं आणि आज त्याचीच परीक्षा घेतोस? पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. परीक्षा घेतली नाही.

गाठ वर गेली, खुंटी टकटक वाजत राहिली. आडवा हात ट्रकवर फिरवला. मी खुंटी उचलली, ब्रेक दाबला, आणि ब्रेकने धरलंच नाही. शेवाळावरून पाय सरकावा तसा पट्टा ड्रमवरून सरकला. गाठ ट्रकच्या फळ्यांवर धाडकन बसली. माणूस खाली नव्हता, नशीब. पण नानांच्या बाजूचं हँडल काढलेलं नव्हतं, ते गरगर फिरलं आणि त्यांचा हात त्यावर होता. गाठ टेकलेली नव्हती ना.

मनगट मोडलं. उजवं. नाना खाली बसले आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं, कोणाला लागलं तर नाही?

त्यांना पहूरच्या अंगाला एका हाडवैद्याकडे नेलं. दुपारी जिनात कोणी नव्हतं, तेव्हा मी ब्रेक खोलला. पट्ट्याच्या आत लोणी आणि हळद, कोपऱ्या-कोपऱ्यात, बोटांनी आत घालून मळलेली. अक्कांनी कुठलीही जागा सोडली नव्हती. मीच सांगितलं होतं, जेवढं चोळाल तेवढा खूश. माझ्या जुन्या निळ्या सदऱ्याची बाही फाडली, रॉकेलमध्ये भिजवली आणि सगळं पुसून काढलं. बाही पिवळीजर्द झाली. ती गोदामामागे विटांच्या ढिगात खुपसली आणि कोणी बघत नाही ना, हे दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी पेढीवर बोलावलं. त्यांचं पर्युषण चालू होतं, उपवासाने आवाज अगदी खाली गेला होता. ते म्हणाले, नानांनी स्वतः सांगितलंय की हँडलवरून हात निसटला. वय झालं त्यांचं. आता टोळीला दुसरा मुकादम नेमावा हे बरं.

म्हणजे नानांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं. लोण्याचं त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. पण मुकादमी गेली तर मोडक्या हाताच्या हमालाला जिनात काय काम? आणि खरं कारण सांगावं तर ते अक्कांवर जाणार. ज्या हातांनी माझा भात रांधला त्याच हातांनी नवऱ्याचं मनगट मोडलं, हे त्या बाईला कोणी सांगायचं? मी आदल्या रात्रीच वळकटी बांधून ठेवली होती.

मी म्हटलं, "शेठ, नानांचा हात नाही निसटला. ब्रेक निसटला. मी रोज सकाळी ब्रेक बघतो, त्या दिवशी बघितला नाही."

त्यांनी विचारलं, ब्रेक का निसटला? मी म्हटलं, त्यावर तेलकट गेलं होतं. कोणी घातलं? मी म्हटलं, त्याचं तेलपाणी माझ्याकडे असतं.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी खोटं बोलल्यासारखे कान तापले.

शेठनी समोरची वही मिटली. मग त्यांनी मला विचारलं, शाळा किती झाली? म्हटलं, सहावी. ते म्हणाले, शाळेत शिकला असतास तर आत्ता काहीतरी चांगलं कारण दिलं असतंस. नानांची मुकादमी राहिली. वर एक नवा नियम झाला. सकाळी मी गाठ वीतभर उचलायची, ब्रेक धरला की नाही हे नानांनी जवळ उभं राहून बघायचं, आणि नाना मोठ्याने 'थांबला' म्हणेपर्यंत ट्रक आत घ्यायचा नाही. दोन-तीन दिवसांनी पर्युषण संपलं, त्या संवत्सरीला शेठ टोळीसमोर आले आणि त्यांच्या धर्माप्रमाणे सगळ्यांना हात जोडून क्षमा मागितली. नानांसमोर जरा जास्त थांबले. नानांनी डावा हात कपाळाला लावला, उजवा बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता.

हाड जुळलं, पण मूठ पुन्हा पूर्ण वळली नाही. नाना वर्षभर रोज सकाळी 'थांबला' म्हणत राहिले. हँडलला हात लावायची वेळ त्यांच्यावर आली नाही. अक्कांचा डबा एक दिवसही चुकला नाही, आणि त्यातला भात खाताना दर वेळी मला ती निळी बाही आठवायची. एकदा विटांच्या ढिगात हात घालून बघितलं, तर ती तिथे नव्हती. उंदरांनी नेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी टोळी आपापलं काम करत होती. कोणी खांदमळणीचा विषय काढत नव्हतं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात गेटमधून अक्का आल्या, हातात वाटी, वाटीवर फडकं झाकलेलं. फडकं निळं होतं, स्वच्छ धुतलेलं, पण मधोमध पिवळा डाग होता. हळद धुतल्याने जाते थोडीच.

अक्कांनी फडकं माझ्या हातात दिलं. वर्षभर रोज माझ्यासमोर बसून भाकरी मोडत होत्या, एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी नानांकडे बघितलं, तर ते तांबड्याच्या दोराकडे बघत होते.

"लोणी कोठे लावानं नई, ते पहिले सांग," अक्का म्हणाल्या.

मी खाली बसलो आणि फडकं ब्रेकच्या ड्रमभोवती गुंडाळून घट्ट बांधलं. फडक्याची गाठ दोनदा ओढून बघितली. अक्का थांबल्या होत्या, त्यांना घाई नव्हती. माझं तिसऱ्यांदा ओढून झालं तेव्हा नाना मागून, रोज सकाळी म्हणायचे त्याच आवाजात, म्हणाले, थांबला. मग अक्कांनी वाटीत बोटं बुडवली.