बायनाबाईची पाहणी

सरकारनं योजना काढली आणि राणीसावरगावात आजारपणाची साथच आली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी कामाला बाई ठेवली, तर तिच्या पगाराचा मोठा वाटा सरकार देणार होतं. कालपर्यंत 'बाई कशाला? सुना काय मेल्यात का?' म्हणणाऱ्या घरांत एकाएकी बाईवाचून पान हलेना.

व्यंकटरावांच्या बायकोच्या, बायनाबाईच्या, अंगावरून मात्र खरोखरच वारं गेलेलं. उजवं अंग लुळं. रेणुका रोज येऊन तिला अंघोळ घाली, वेणी घाली, आणि पगार व्यंकटराव पदरचा देत. लोक म्हणाले, तुमचं तर सगळ्यांच्या आधी मंजूर!

आता पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? शेजारच्या दत्तरावांनी केलं तेच. आदल्या दिवशी शेतातल्या आखाड्यावर बैलांमागं पळणारा हा गडी सकाळपासून गोधडीत शिरून कण्हत होता. आणि आमचे व्यंकटराव? घरी पाव्हणा यायचा आन् बायको अंथरुणात, बरं दिसतं का! त्यांनी रेणुकाकडून तिला इरकली लुगडं नेसवून घेतलं, उशा लावून खुर्चीत बसवलं. बायनाबाईनंही डाव्या हातानं पदर सावरला. "चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई," म्हणाली. साहेब चहा प्याले, वर बशीभर पोहे खाल्ले आणि तब्येत ठणठणीत असं लिहून गेले. काय म्हणावं या व्यंकटरावांना!

मग रेणुकाचा भाव वधारला. दत्तरावांचं मंजूर झालं, त्यांच्याकडं दुप्पट पगार मिळत होता, ती तिकडं गेली. तिला तरी कोणत्या तोंडानं नावं ठेवायची? इकडं व्यंकटरावांना बायकोची कूस बदलणंही जमेना. तिच्या पाठीला जखम झाली, तेव्हा भीड बाजूला ठेवून ते दत्तरावांच्या दारात गेले.

रेणुका अंगणात भांडी घासत होती. सून मोबाईल बघत बसलेली. दत्तराव बाजेवर पडून शेंगा खात होते.

"घंटाभर पाठवा की हिला. लय हाल व्हायलेत," व्यंकटराव म्हणाले.

"कसं पाठवू? आमी हे असे पडून," दत्तरावांनी उसासा टाकला. "तुमचं बरं हाय बघा. तुमच्या घरात कुनी आजारी न्हाई."

व्यंकटराव आल्या पावली परतले.

"येती का रेणुका?" बायनाबाईनं विचारलं.

"तू बरी हायस म्हणं," एवढं बोलले आणि तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडायला लागले.

"अगुदर दार लावा," बायनाबाई म्हणाली. "लोक बघायलेत."