तांदळात लिहिलेलं नाव

"अक्का, तारीख हाय ना अजून?"

दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून ती हे विचारायची. दुसरा पाय रस्त्यावरच. उत्तर वाईट आलं तर पळायला बरं म्हणून, असं मी तिला चिडवायचे. खरं तर व्हिसाची तारीख तिला तोंडपाठ होती, ती फक्त माझ्याकडून वदवून घ्यायची असायची. मी "आहे गं बाई, भरपूर आहे" म्हटलं की दुसरा पाय वर यायचा आणि छातीशी धरलेली पिशवी काउंटरवर. साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्या आत आणखी एक पिशवी आणि त्या पिशवीत ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट. घरी ठेव म्हटलं तर ऐकायची नाही. घराला आग लागली तर, म्हणायची.

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. अख्ख्या पेठेची काळजी माझ्या काउंटरवर येऊन पडते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाचं रेशन कार्डावरून नाव उडालेलं असतं. माझी जीभ काही गोड नाही, हे गिऱ्हाइकांनी केव्हाच मान्य केलंय. पण परदेशी नागरिक म्हणून अर्ज भरायला आलेली बाई इतक्या वर्षांत ही एकच. तुम्ही त्या भागातले असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल, फक्त परदेशी म्हणून ओळखलं नसेल.

ती श्रीलंकेची, तमिळ. रंग सावळा, केसांचा घट्ट अंबाडा, कपाळाला टिकली. कोपऱ्यावरच्या घरात फॉरेनची सून आलीय अशी बातमी पसरली तेव्हा गल्लीतल्या बायका दही-विरजणाचं निमित्त काढून बघून आल्या आणि हिरमुसल्या. "ही तर अक्कलकोटकडची दिसती की," असं म्हणून एकीनं विषयच संपवला. पुढं ती मराठी शिकली तीही आमच्या गल्लीत, त्यामुळे 'लई' आणि 'की' लावूनच बोलायची. पाणी पाच दिवसांनी आलं की सगळ्यांबरोबर घागरी घेऊन भांडायचीसुद्धा. भांडण रंगात आलं की मात्र एकदम गप्प व्हायची. कुणी पोलिसात गेलं तर आपलं काय, हे तिला मध्येच आठवायचं.

नवरा कतारमध्ये, दोह्याला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. ती तिथल्याच एका दवाखान्यात मदतनीस, ओळख तिथली. लग्न मात्र त्याच्या गावी, वळसंगच्या बाजूला झालं. लग्नानंतर दोघं पुन्हा तिकडे गेले. पुढं त्याची कंपनी बदलली, पगार घटला. बायकोला सोबत ठेवायचं तर तिथं पगार ठरावीक लागतो, तो भरेना. तेव्हा तिला दिवस गेले होते. लांब मुदतीचा व्हिसा काढून त्यानं तिला सोलापूरला आणून सोडलं आणि आपण परत गेला. मुलगी इथंच जन्मली, आता पहिलीत आहे. म्हणजे बघा, ही नवऱ्याच्या देशात, आणि नवरा तिसऱ्याच देशात.

त्याचे पैसे गावी राहणाऱ्या सासूबाईंच्या खात्यावर यायचे, कारण हिच्या खात्यासाठी बँकेनं सांगितलेली कागदपत्रांची यादी ऐकूनच ती परत फिरली होती. त्यातून भाडं, शाळा, औषधं. तिची आई श्रीलंकेत, बट्टिकलोआला एकटी. तिला इथून पैसे पाठवणं जमेना, म्हणून तेही तोच दोह्याहून परस्पर पाठवायचा. "एका पगारात दोन देश जेवतात अक्का," ती म्हणायची, आणि आईचं औषध संपलं तरी नवऱ्याला सांगायला चार दिवस लावायची. कॅलेंडरवर तिनं दोन तारखांभोवती गोल केले होते. हिरवा गोल त्याच्या दोह्यातल्या परवान्याचा आणि लाल स्वतःच्या व्हिसाचा. त्याची कंपनी परवाना वाढवेपर्यंत हिला झोप नाही. तो वाढला की लाल गोलाची काळजी सुरू.

तिची एकच चैन होती, नारळ. "हितं नारळ देवाला फोडतात, आमी भाताला लावतो," असं ती जरा तक्रारीच्या सुरात सांगायची. अमावास्येला मी दुकानापुढं नारळ फोडते. त्यातली एक वाटी मी तिच्यासाठी ठेवायला लागले. दुसऱ्या दिवशी ती त्याची लाल तिखट चटणी करून आणायची, वर आमच्या शेंगदाण्याचं कूट घालून. तिच्या आईनं ती चटणी बघितली असती तर घरात घेतलं नसतं, असं तीच म्हणायची. मला आवडायची. खोटं कशाला बोलू, शेंगाचटणीपेक्षाही आवडायची.

रस्त्यात ट्रॅफिकचा पोलीस दिसला तरी ती गल्ली बदलायची. एकदा गावच्या जत्रेला जायचं होतं. "चार दिवस गावाला गेले तर पोलिसांना सांगाय लागतं का?" असं तिनं मला विचारलं. मी नाही म्हटलं. तरी ती गेली नाही, आणि सासूबाई महिनाभर फुगून बसल्या. पोरीला माणसांत मिसळायलाच नको, हा त्यांचा निष्कर्ष. भीती त्यांना दिसलीच नाही, कारण आपल्या सुनेला कोण कशाला घालवेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

मग लाल गोल जवळ आला. मुदतवाढीचा अर्ज भरायला आम्ही दोघी संगणकासमोर बसलो. पासपोर्ट झाला, फोटो झाला. लग्नाचा दाखला उघडला आणि माझा हात थांबला. दाखल्यावर नवरीचं नाव वेगळंच होतं.

"हे कुणाचं गं नाव?"

"माझंच की. लग्नातलं."

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, सगळ्यांना पेढे वाटतात. हिच्याही लग्नात झालं. तांदळात लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं. "मला वाटलं देवाचं काहीतर लिहितायत," ती म्हणाली, "म्हणून मी हात जोडले." नाव सासऱ्यांनी निवडलं होतं, त्यांच्या वारलेल्या आईचं. सुनेला आपल्या आईचं नाव देणं यापेक्षा मोठा मान त्या माणसाला सुचला नसणार. आणि लग्न नोंदवायला गेल्यावर, सून आता आमची, नाव हेच, असं सांगून त्यांनी माहेरच्या नावाच्या जागीही तेच लिहून आणलं. पुढं मुलीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून तेच चढलं. सासरे आता नाहीत. असते तर बिचारे छाती पुढं काढून साक्षीला आले असते.

इतकी वर्षं, अगदी व्हिसा देतानाही, कुणी हे ताडून पाहिलं नाही, कारण गरज पडली नव्हती. आता पडली. कागदांवर बघाल तर पासपोर्टवरच्या बाईला ना नवरा होता, ना मुलगी. मी हे तिला हळू सांगायला हवं होतं, पण मला हळू सांगता येत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पोरगी कुणाची म्हणतील?"

त्या दिवसापासून तिचं खाणं तुटलं. मुलगी भारतीय, आई परदेशी. मुदत वाढली नाही तर आईनं जायचं आणि मुलीनं राहायचं, एवढा साधा हिशोब होता. मुलीला सोबत न्यायचं तर पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टला पुन्हा तोच दाखला. वकिलांना विचारलं. दाखला दुरुस्त होईल म्हणाले, पण वेळ लागेल. नवऱ्याला रजा मिळेना. रोज व्हिडिओ कॉलवर तो "होईल, होईल" म्हणायचा, आणि त्याच्या कपाळावरचा घाम मला काउंटरच्या या बाजूनंही दिसायचा. ती शाळा सुटायच्या अर्धा तास आधीच फाटकापाशी जाऊन उभी राहायला लागली. मुलगी हाताला धरून घरी येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. मीही उगाच गिऱ्हाइकांवर खेकसत होते.

शेवटी अर्ज होता तसाच टाकला आणि पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या कक्षातून बोलावणं आलं. घरचं एक मोठं माणूस जबाबाला आणा, म्हणाले. सासूबाई गावाहून आल्या, इस्त्रीचं नऊवारी नेसून. मी अर्जवाली म्हणून सोबत गेले. साहेब शांत माणूस होता. त्यानं पाणी दिलं, सगळ्यांना बसवलं. मी सरळच सांगते, त्याच्यावर राग धरता येईल असं तो काही वागला नाही.

"आजी, लग्नात सुनेचं नाव काय ठेवलं?"

सासूबाईंनी पदर ओढला. "ते माझ्या सासूबाईंचं नाव हाय. माझ्या तोंडानं कसं घेऊ?"

साहेब जरा हसला. "बरं. माहेरचं नाव सांगा."

सासूबाई सुनेकडं बघायला लागल्या.

"तिच्याकडं बघू नका, आजी."

"ते कुणी इचारलंच न्हाय की."

"मग घरात हाक काय मारता?"

"पोरी म्हणते. पोरी, हिकडं ये. पोरी, जेवलीस का. दुसरं काय लागतंय?"

सून मान खाली घालून पिशवीच्या बंदाला पीळ देत बसली होती. एकाच घरातल्या, एका ताटात जेवलेल्या त्या दोघी. एक नाव सासूला घेता येत नव्हतं आणि दुसरं तिला माहीत नव्हतं. मला त्या म्हातारीचा संताप आला. लगेच कीवही आली, कारण पोरी हा शब्द ती किती मायेनं बोलत होती, ते मी ऐकलं होतं. पण माया जबाबात लिहिता येत नाही. साहेबानं पेन खाली ठेवलं.

"ताई," तो तिला म्हणाला, "मला तुमचं खरं वाटतं, पण कागद आणि जबाब दोन्ही जुळत नाहीत. मुदत संपल्यावर राहिलात तर पुढचा रस्ता बंद होईल. त्यापेक्षा मुदतीत जा. दाखला दुरुस्त करा आणि तिकडून नव्यानं अर्ज टाका."

"मिळंल?" तिनं विचारलं.

"ते माझ्या हातात नाही."

जायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. या वेळी काहीच विचारलं नाही. मुलीच्या शाळेच्या कागदांची एकेक प्रत काढून घेतली आणि मला सांगत राहिली. वेणी सैल घातली तर सुटते. दुधाला साय नको. पाढे म्हणताना सातपाशी अडते, रागवायचं नाही. मी सगळ्याला हो म्हणत गेले. मग ती म्हणाली, "अक्का, ती विसरंल मला?" मी म्हटलं, "वेडी आहेस का?" माझा आवाज नेहमीसारखाच करडा आला. मला तिला जवळ घ्यायचं होतं. काउंटर मध्ये होतं, आणि मी उठेपर्यंत ती पायरी उतरलीही होती.

दुसऱ्या दिवशी चेन्नईच्या गाडीनं ती गेली, तिथून पुढं श्रीलंकेला. मुलीला स्टेशनवर नेलं नाही, शाळेतच पाठवलं.

त्याला आता बरेच महिने झाले. दाखला दुरुस्तीला गेलाय, नवऱ्याच्या रजेचा पत्ता नाही, तिचा नवा अर्ज तिकडच्या भारतीय कचेरीत पडून आहे. सासूबाई नातीसाठी शुक्रवार पेठेतच राहायला आल्यात. वेण्या बऱ्या घालतात.

परवा त्या नातीला घेऊन दुकानात आल्या. दुरुस्तीच्या अर्जाला जोडायची त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. मशीन गरम होईपर्यंत त्या पुटपुटत उभ्या होत्या. मला वाटलं, जप चाललाय. मग नात मध्येच म्हणाली, "तसं नाही आजी, आई असं नाही म्हणत," आणि तिनं आईचं ते तमिळ नाव नीट फोडून सांगितलं. सासूबाईंनी ते पुन्हा म्हटलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. दात नसल्यामुळे मधलं अक्षर निसटत होतं. शेवटी एकदाचं सगळं नाव नीट आलं, तिच्या बापाच्या नावासकट.

"बराबर हाय का बाई?" त्यांनी मला विचारलं.

"बरोबर आहे."

"रोज म्हणते मी. आता झोपेतनं उठवून इचारलं तरी सांगंन." त्यांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. "मग आता येऊ देतील न्हवं तिला?"

मी मशीनचं झाकण उघडलं आणि त्यांचं आधार कार्ड काचेवर पालथं ठेवलं.