अर्ध्यावर आलेला कप

डोरीन कोवाकच्या टेबलांवर कॉफीचा रिकामा कप पाहिला, असं सांगणारा माणूस ओहायोतल्या त्या गावात शोधून सापडला नसता. हमरस्त्यालगतच्या उपाहारगृहात ती तरुणपणापासून वाढपाचं काम करत होती. कप अर्ध्यावर आला की भरायचा, विचारायचं नाही. तोंडानं चौकशी, हातानं कॉफी. पण गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बाईंनी नर्स व्हायचं मनावर घेतलं. नर्सना बसायला मिळतं, हे तिला कुणी सांगितलं देव जाणे.

वाटेत रसायनशास्त्र आडवं आलं. कम्युनिटी कॉलेजात ती त्यात दोनदा आपटली होती. आता तिसरी खेप, आणि नियमानं शेवटची. लेखी परीक्षा कशीबशी निभावली. सगळं अडलं होतं प्रात्यक्षिकावर. ब्युरेट नावाच्या उभ्या नळीतून खालच्या आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची, फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं, आणि किती सोडली ते वाचायचं. पण डोरीनला थांबणंच ठाऊक नव्हतं. पहिल्या प्रयत्नात तिचं आम्ल लिपस्टिकसारखं भडक झालं.

आणखी एक प्रयत्न होता. ती अल्कलीची बाटली आणायला गेली. परतताना वर्गातल्या केलनची नळी अर्ध्यावर आलेली दिसली.

"काय राजा, आई बरी आहे ना?" म्हणत तिनं ती भरून टाकली. मग पुढच्या मुलीची. मग पुढची. रांग संपेपर्यंत एक नळी सोडली नाही.

"डोरीन!" केलन किंचाळला. "अहो, मोजत होतो मी! आता किती सोडली ते कसं कळणार?"

"रिकामी दिसली रे..."

"ती रिकामीच व्हायची असते!"

टिल्मन सरांनी कपाळाला हात लावला. "बाई, इथं कुणी नाश्ता मागवलेला नाही." सगळ्यांचं प्रात्यक्षिक गुरुवारी पुन्हा घ्यायचं ठरलं. ज्यांचे रंग आधीच भडकले होते, त्यांनी बाहेर येऊन तिचे आभार मानले. "काय डोकं लावलंत हो!" एकजण म्हणाला. मी मुद्दाम केलं नाही, असं ती शपथेवर सांगत राहिली. कुणाचा विश्वास बसला नाही.

केलननं तिला एकच मंत्र दिला. "रिकामं होताना दिसलं, तर होऊ द्या. हात आवरा."

गुरुवारी शेजारच्या नळ्या खाली जात होत्या, डोरीनचे हात शिवशिवत होते. तिनं आपल्या नळीवरची नजर हलवली नाही. एक थेंब, थांब. आणखी एक, थांब. फिकट गुलाबी. सरांनी मागे पांढरा कागद धरून पाहिलं आणि "पास" म्हणाले. डोरीन सगळ्यांसमोर हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाहारगृहात ऑर्विल नेहमीच्या जागी बसला होता. बायको गेल्यापासून म्हातारा रोज यायचा, तास-दोन तास बसायचा. डोरीन कॉफीचं भांडं घेऊन शेजारी उभी होती. कप अर्ध्यावर आला. ती बघत राहिली. कप तळाला गेला, तरी बघतच राहिली.

ऑर्विलनं मागितली नाही. त्याला कधी मागावीच लागली नव्हती. त्यानं हळूच टोपी उचलली.

"निघतो मी," तो म्हणाला. "फार वेळ बसतो का गं मी, पोरी?"

डोरीननं त्याच्या हातातली टोपी काढून घेतली आणि कप बशीत सांडेपर्यंत भरला. पास झाल्याचं तिला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.