रेघ नसलेला बोल्ट

पुरुषोत्तम धारपांनी सत्तावीस वर्षं गाड्यांचे भाग मोडले. तीच त्यांची नोकरी होती. डेट्रॉइटजवळच्या एका सप्लायर कंपनीच्या टेस्ट लॅबमध्ये ते स्टिअरिंगचे दांडे आणि सांधे मशिनवर चढवायचे, तुटेपर्यंत पिळायचे, आणि का तुटले त्याचा रिपोर्ट लिहायचे. कधीकधी वापरात तुटलेला एखादा सांधाही तपासायला यायचा. तेव्हा बऱ्याचदा शेवटची ओळ ठरलेली असे: 'बसवणाऱ्याची चूक.' ती लिहिताना धारपांच्या कपाळाला आठी पडे. साधा बोल्ट आवळता येत नाही लोकांना!

२००६ साली कंपनीने जुन्या माणसांना पॅकेज देऊन घरी पाठवलं, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. जवळच्याच ट्रॉय गावातल्या घरात पहिले दोन महिने त्यांनी दिसेल ते दुरुस्त केलं, जे मोडलं नव्हतं तेही. एक दिवस पत्नी लतिकाबाई फार्मसीतल्या कामावरून आल्या, तर मसाल्याचे सगळे डबे एबीसीडीप्रमाणे लावलेले. जिरं सापडेना.

"अहो, तुम्ही काहीतरी मोठं काम काढा," त्या म्हणाल्या. "माझ्या डब्यांना हात लावू नका."

मोठं काम निघालं. ऑक्टोबरमध्ये ट्रकमधून एक लोखंडी चौकट, फायबरग्लासची बॉडी आणि एकवीस खोकी उतरली. साठच्या दशकातल्या दोन सीटच्या, बिनछपराच्या एका स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल, सुट्या भागांतून घरीच जोडायची. इंजिन भंगारात निघालेल्या एका मस्टँग गाडीचं आणलं. इतकी वर्षं भाग मोडले, आता एक अख्खी गाडी उभी करायची, एवढंच धारपांनी मुलीला फोनवर सांगितलं.

गराजमध्ये त्यांचा एक नियम होता. ते टॉर्क रेंचने बोल्ट आवळत. पुरेसा आवळला की रेंच 'कट्' वाजे. मग लतिकाबाई त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढत. रेघ म्हणजे काम पक्कं. आधी कंटाळून उभ्या राहणाऱ्या लतिकाबाई पुढे पुढे स्वतःच विचारू लागल्या, "हा झाला का? वाजलेलं ऐकलं नाही मी."

पहिल्याच हिवाळ्यात, एका दुपारी काम चालू असताना सांगलीहून फोन आला. धारपांचे थोरले भाऊ त्र्यंबक यांना हार्ट अटॅक आला होता. हातातली हत्यारं तिथेच टाकून दोघं घरात धावले आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसले. त्र्यंबकराव वाचले. महिन्याभराने परत येऊन धारपांनी काम पुढे सुरू केलं.

मे २००८ मध्ये गाडी तयार झाली. निळी, गोलसर, नाकाशी रुंद जाळी. पोलीस ऑफिसर येऊन कागद आणि भागांचे नंबर तपासून गेला, नंबर प्लेट मिळाली. धारपांनी लतिकाबाईंना शेजारी बसवून कॉलनीतून चार फेऱ्या मारल्या. महिनाअखेरीस, मेमोरियल डेच्या तीन दिवसांच्या सुट्टीला मुलगी अदिती शिकागोहून आली. इथेच जन्मलेली, सत्तावीस वर्षांची, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, कॅन आय टेक इट? फक्त इंडियन स्टोअरपर्यंत. आईला दही हवंय."

धारपांनी हौसेने किल्ली दिली. गाडी गुरगुरत वळणाआड गेली तेव्हा त्यांची छाती फुगली होती.

लतिकाबाई जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसल्या. दीड वर्षात काढलेले फोटो अदितीसाठी ओळीने लावत होत्या. मध्येच त्या थांबल्या.

"अहो, जरा इकडे या. याला रेघ का नाही?"

पेडलांजवळचा पत्रा रिव्हेट मारून बंद करतानाचा फोटो होता. पत्रा अर्धवट लागला होता, आणि उरलेल्या फटीतून स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा दिसत होता. शेजारच्या दोन बोल्टांवर लाल रेघा होत्या. सांध्याचा बोल्ट मात्र कोरा.

"रंगवायचा राहिला असेल," धारप म्हणाले.

"मी विसरत नाही." लतिकाबाईंनी आधीच्या, सांधा जोडतानाच्या फोटोची तारीख पाहिली. "त्या दिवशी सांगलीचा फोन आला होता."

धारपांना ती दुपार आठवली. बोल्ट त्यांनी हाताने फिरवून घातला होता, रेंच उचलणार तोच फोन वाजला होता. परत आल्यावर नट जागेवर दिसला आणि त्यांनी पत्रा लावून टाकला. असा सांधा काय करतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो बरेच दिवस धरून राहतो. मग एका वळणावर हातातलं चाक फिरतं आणि रस्त्यावरची चाकं फिरत नाहीत.

त्यांनी अदितीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्या इंजिनाच्या आवाजात तिला काय ऐकू येणार! लतिकाबाईंनी घरच्या व्हॅनची किल्ली घेतली. "तुम्ही फोन लावत राहा. मी चालवते."

स्टोअरच्या पार्किंगमध्ये निळी गाडी नव्हती. "दही घेऊन पाच मिनिटांपूर्वीच गेली," काउंटरवरचा माणूस म्हणाला. म्हणजे ती दुसऱ्या रस्त्याने निघाली होती, जिथे गाड्या ताशी पन्नास मैलांच्या वेगाने धावतात. लतिकाबाईंनी व्हॅन त्या रस्त्याला घातली. धारप रस्त्याकडेच्या चरांत आणि झाडांशी कुठे निळं काही दिसतंय का ते पाहत होते.

"ती बघा!" लतिकाबाई ओरडल्या.

पेट्रोल पंपाच्या कडेला निळी गाडी उभी होती. एक म्हातारा अमेरिकन तिच्याभोवती फिरून फोटो काढत होता आणि अदिती बॉनेटला टेकून हसत होती. त्याने सिग्नलला हात करून तिला थांबवलं होतं. धारपांनी आधी गाडीतली किल्ली काढून खिशात घातली. मग ते तिच्याकडे वळले.

"काय झालं?" अदितीचा चेहरा उतरला. "त्र्यंबककाका?"

"काका बरे आहेत. चूक माझी आहे." त्यांनी तिचा हात धरला. "स्टिअरिंगचा बोल्ट मी आवळलाच नाही. आणि तुला गाडी दिली."

गाडी टो ट्रकवर चढवून घरी आणली. धारपांनी पत्र्याचे बावीस रिव्हेट ड्रिलने काढले. अदिती टॉर्च धरून शेजारी वाकली होती. त्यांनी नटावर बोट ठेवलं आणि तो बोटानेच फिरला.

"सो आय वॉज लकी," ती हळूच म्हणाली.

"हो. आपण सगळेच."

"बाबा, तुम्ही हे गुपचूप फिक्स केलं असतं तर मला कळलंही नसतं."

"सत्तावीस वर्षं लोकांच्या चुका लिहिल्या मी," धारप म्हणाले. "आपली तेवढी लपवू?"

अदितीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, ग्रीसने माखलेल्या शर्टाची पर्वा न करता. मग तिनेच रेंच उचलला.

तो बोल्ट आवळून झाल्यावर धारपांना चैन पडेना. त्या दिवशी आणि रविवारी तिघांनी गाडीचा एकूण एक बोल्ट तपासला. बॉडीखाली सरपटत, यादीवर खुणा करत. लतिकाबाईंनी वरणभात गराजमध्येच आणला. रविवारी संध्याकाळी शेवटच्या बोल्टावर रेंच वाजला तेव्हा धारप पायरीवर मटकन बसले. दुसरा एकही ढिला निघाला नव्हता. दोन दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला. त्यांनी आणखी भात मागून घेतला आणि आठ वाजताच ढाराढूर झोपले.

सोमवारी सकाळी अदितीने गाडी काढली. धारप शेजारी बसले. गावाबाहेरच्या तळ्याकडे जाणारा रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना कोवळी हिरवी झाडं. एका लांब वळणावर गाडी रुळावरून गेल्यासारखी अलगद फिरली, आणि वाऱ्याने धारपांची टोपी उडाली.

"थांबू?" अदितीने ओरडून विचारलं.

टोपी मागे रस्त्यावर गोल गोल फिरत होती. धारप मागे वळून टोपीकडे पाहत खळखळून हसत होते.

"नको," ते ओरडले. "जाऊ दे!"