अडकलेली कादंबरी आणि पपई

माझ्या पहिल्या कादंबरीतला माणूस दोन महिने एका बंद दारासमोर उभा होता. त्यानं कडी वाजवली होती, आतून कुणीतरी येत होतं, आणि पुढे काय बोलायचं हे त्यालाही सुचत नव्हतं आणि मलाही. मी शाळेत मास्तर. दुपारी घरी यायचो, सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये खिडकीजवळ वही उघडून बसायचो, पेन्सिली तासायचो आणि वही मिटायचो. त्या दिवसांत आमच्या पेन्सिली इतक्या टोकदार होत्या, की बायको त्या टोचून बटाटा शिजला का ते बघायची.

बाबांना काळजी वाटायची. ते इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. मशीन बंद पडलं की चार जाणकारांना बोलवायचं, ही त्यांची जुनी सवय. सकाळी बगीच्यात फिरायला येणाऱ्या हिंदी बोलणाऱ्या मित्रांना त्यांनी हिंदीत सांगितलं, की पोराचं दोन महिन्यांपासून अटकलेलं आहे, रोज बसतो पण काही निघत नाही. काय अटकलंय, ते सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून घरी वस्तू येऊ लागल्या. इसबगोलचा डबा आला, एरंडेलाची बाटली आली, कुणाच्या तरी कुरुद गावच्या बागेतले पेरू आले. मला वाटलं, लोकांना साहित्याची बरीच कळकळ आहे. इसबगोलचा संबंध लागला नाही, पण भेट ती भेट.

तिसऱ्या दिवशी चार वाजता बाबांचे शिफ्टमधले जुने सोबती आले. मूळचे वर्ध्याकडचे, मी त्यांना काका म्हणतो. स्कूटरवरून मोठी पपई घेऊन आले होते. बायको चहा करायला आत गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"किती दिस झाले?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"दोन महिने."

काकांचा चेहरा उतरला. "दोन महिने काहीच नाही?"

"आधी रोज थोडं तरी व्हायचं. आता नुसता बसून राहतो."

"जोर लावून पाह्यला का?"

"लावला. एकदा दीड पान निघालं. पण इतकं वाईट होतं, की फाडून टाकलं."

काकांनी खुर्ची जरा मागे सरकवली. "पान?" ते म्हणाले.

मी वही दाखवली. स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. हसता हसता बायकोच्या हातून चहाची गाळणी सुटली होती. तिला इसबगोल आला तेव्हाच कळलं होतं.

काका इतके ओशाळले, की जायलाच निघाले. मी त्यांना बसवलं, पपई कापली. आलोच आहोत तर म्हणून त्यांनी गोष्ट विचारली. मी दारातल्या माणसाबद्दल सांगितलं. त्यांनी दोन फोडी शांतपणे खाल्ल्या.

"त्याच्या हातात काय हाय?"

"काही नाही."

"मंग तो काय बोलंन? मी आज पपई नसती आणली, तं मलेबी सुचलं नसतं. त्याले काहीतरी दे."

काका गेल्यावर मी त्या माणसाच्या हातात दुधी भोपळा दिला. पपई द्यायची लाज वाटली. दार उघडलं, आतली बाई म्हणाली, आमच्याकडे दुधी कुणी खात नाही, आणि दोघांचं भांडण चार पानं चाललं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, पण हे मी घरी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी चारला काका हजर. तिनं भोपळा ठेवून घेतला का, हे त्यांना ऐकायचं होतं. मग ते रोजच येऊ लागले. काही लिहिलेलं नसलं, की मला गृहपाठ न केलेल्या पोरासारखं व्हायचं, म्हणून तीन वाजता मी घाईघाईनं लिहायला बसायचो. एकदा एक ओळही झाली नव्हती, तेव्हा बाथरूममध्ये लपलो. काका बाहेर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "सावकाश होऊ दे." कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

थंडी संपता संपता कादंबरी पूर्ण झाली. शेवटचं पान ऐकून काकांनी चष्मा पुसला. त्यांना एकच शंका होती: हा माणूस इतक्या पानांत एकदाही आंघोळ कावून करत नाही? मी सातव्या प्रकरणात त्याला गरम पाण्यानं आंघोळ घातली, आणि खरं सांगतो, ते प्रकरण सुधारलं.